नेट नसताना एफ-वन

लिबरऑफिस कॅल्क या एक्सेलसारख्या मोफत प्रोग्राममध्ये काम करताना मदतीसाठी एफ-वन दाबलं आणि त्या संगणकावर मदतपानं बसवलेली नसली, तर एक छोटी खिडकी उघडते. मदत इथे नाही, हवी तर ऑनलाइन वाचा, असं ती सांगते. बटण दाबलं की ब्राउझर उघडतो आणि नेट नसेल तर कोऱ्या पानावर थांबतो. शिकणाऱ्याचा प्रश्न तिथेच राहतो. पुढच्या वेळी तो एफ-वन दाबतच नाही, आणि मला सगळ्यात जास्त लागतं ते हेच. प्रश्न पडला की आधी पुस्तिकेकडे वळायची सवय एकदा मोडली की पुन्हा लावायला फार वेळ जातो.

आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात, देवरुखपासून बरंच आत. पावसाळ्यात झाड पडलं किंवा रस्त्याचं खोदकाम झालं की केबल तुटते. वीज जास्त वेळ गेली की टॉवरही बंद पडतो आणि मोबाइलची रेंज जाते. वाचनालयाच्या मागच्या खोलीत आमचे सहा संगणक आहेत. चार टेबलावरचे, त्यांवर डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली, आणि देणगीत आलेले दोन विंडोजचे लॅपटॉप. चारपैकी एक इतका जुना आहे की त्याचा प्रोसेसर ३२ बिटचा आहे, पण टायपिंग आणि हिशेबाला तो अजून उत्तम चालतो. इथे आयटीआयच्या कोपा या संगणकाच्या ट्रेडची मुलं येतात, शाळेची मुलं पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकतात, बचतगटाच्या बायका खातेवही कॅल्कमध्ये उतरवतात. भर पावसात शेतीचं काम नसतं त्या दिवशी खोली भरलेली असते, आणि नेमकं तेव्हाच नेट नसतं. म्हणून या उन्हाळ्यात मी ठरवलं, की वापरात असलेल्या प्रत्येक प्रोग्रामची मदत त्या त्या यंत्रावरच असली पाहिजे.

नेट असतं त्या दिवसांतही मला याची गरज जाणवत होती, आणि त्याला कारण होतं एक्सलुकअप. कोपाच्या एका मुलानं व्हिडिओत हे यादीतून शोधून उत्तर आणणारं सूत्र पाहिलं, वहीत उतरवून आणलं आणि आमच्या कॅल्कमध्ये लिहिलं. उत्तरात ‘#नेम?’ आलं. त्यानं कंस तपासले, स्वल्पविराम तपासले, पुन्हा लिहिलं. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. एक्सलुकअप लिबरऑफिसमध्ये आलं ते २४.८ या आवृत्तीत, म्हणजे ऑगस्ट २०२४ मध्ये. डेबियन १२ सोबत लिबरऑफिस ७.४ येतं, त्यात ते नाहीच. नेटवर शोधलं की सगळ्यात नवी पानं वर येतात, आणि ती आपल्यापुढच्या यंत्राबद्दल बोलत नसतात. पायथनचंही तसंच. एका मुलीला यादीचे समान गट करायचे होते, तिला इटरटूल्स या मॉड्यूलमधलं बॅच्ड हे फंक्शन सापडलं. ते आलं ३.१२ मध्ये, आमच्याकडे ३.११. यंत्रावर बसवलेली मदत त्या यंत्रावरच्या आवृत्तीची असते. त्यात जे लिहिलंय ते इथे चालतं, आणि जे नाही ते इथे नाही. नवशिक्याला एवढा भरवसा मिळाला की त्याचे कितीतरी तास वाचतात. मी जे काही केलं ते सगळं या एका गोष्टीसाठी.

डेबियनवर हे काम सोपं आहे, कारण प्रोग्राम आणि त्याची मदत एकाच भांडारातून येतात आणि आवृत्ती आपोआप जुळते. लिबरऑफिसची इंग्रजी मदत हे वेगळं पॅकेज, म्हणजे बसवायचा वेगळा गठ्ठा आहे, हिंदी मदतीचं वेगळं. गिंप या चित्रं सुधारायच्या प्रोग्रामच्या पुस्तिकेचं वेगळं, पायथनच्या दस्तऐवजांचं वेगळं. मूळ प्रोग्राम बसवताना ही सोबत येतीलच असं नाही, नावानं मागावी लागतात. मला वाटतं बहुतेक लोकांना ती आहेत हेच ठाऊक नसतं. पॅकेज शोधताना प्रोग्रामच्या नावापुढे ‘हेल्प’ किंवा ‘डॉक’ लावून शोधलं तर बरंच काही हाती लागतं.

अडचण होती ती पॅकेजं यंत्रापर्यंत आणायची. नेट येण्याची वाट बघण्यात अर्थ नव्हता, कारण आलं तरी मध्येच तुटतं. डेबियनवर पॅकेजं बसवण्याचं काम एपीटी हा प्रोग्राम करतो; त्याच्या जोडीचं एपीटी-ऑफलाइन नावाचं साधन इथे कामी आलं. ते रितेश राज सर्राफ या भारतीय डेबियन विकासकानं लिहिलं आहे, आणि आमच्यासारख्या ठिकाणांची नस त्यात अचूक पकडली आहे. त्याचे तीन टप्पे आहेत. बिननेटच्या यंत्रावर ‘सेट’ म्हणायचं, सोबत हवी ती पॅकेजं सांगायची. ते त्या यंत्रावर आधीच काय आहे ते बघून नेमकं काय काय लागेल याची एक छोटी फाइल बनवतं. ती पेनड्राइव्हवर घेऊन नेट असलेल्या संगणकाकडे जायचं आणि ‘गेट’ म्हणायचं. ते यादीतलं सगळं उतरवून एका झिप फाइलमध्ये बांधतं. परत येऊन ‘इन्स्टॉल’. इतकं झालं की पॅकेजं एपीटीच्या साठ्यात जातात, मग नेहमीसारखं एपीटीला बसवायला सांगायचं. ते नेटकडे न बघता साठ्यातून उचलतं. एपीटी-ऑफलाइन स्वतः मात्र दोन्हीकडे आधी हवं. ज्यांच्याकडे नेट अधूनमधून येतं त्यांनी ते आलं की सगळ्यात आधी हे एक बसवून ठेवावं.

देवरुखला माझ्या मावसभावाच्या दुकानात चांगलं नेट आहे. मी दोन याद्या घेऊन गेले होते. एक ६४ बिटच्या तीन यंत्रांसाठी, ती एकाच पद्धतीनं भरलेली असल्यामुळे त्यांना एकच यादी पुरली. आणि दुसरी त्या जुन्या ३२ बिटच्या यंत्राची. मदतीची पॅकेजं स्वतः कुठल्याही प्रोसेसरला चालतात, कारण शेवटी ती नुसती पानं आणि चित्रं. पण त्यांच्यासोबत एखादा प्रोग्राम मागवला तर तो प्रोसेसरप्रमाणे वेगळा लागतो, म्हणून यादी वेगळी काढलेली बरी. भावानं विचारलं, “एवढ्यासाठी देवरुखला आलीस? मोबाइलवर नसतं का मिळत?” त्याला म्हटलं, मोबाइलवर एकाला मिळतं, खोलीतल्या सगळ्यांना नाही.

विंडोजच्या लॅपटॉपवर हातानं जुळवाजुळव करावी लागते. लिबरऑफिसच्या डाउनलोडच्या पानावर मुख्य फाइलच्या जवळच ऑफलाइन वापरासाठीच्या मदतीचा वेगळा दुवा असतो. मुख्य फाइल साडेतीनशे एमबीच्या आसपास, मदतीची अगदी किरकोळ. आधी प्रोग्राम, मग मदत, आणि दोन्हींच्या आवृत्तीचे आकडे शेवटच्या अंकापर्यंत एकच हवेत. यंत्रावर आधीपासून जुनं लिबरऑफिस असेल तर साइटवर पहिल्यांदा दिसणारी मदत त्याला जुळणार नाही. त्यापेक्षा दोन्ही एकदमच नवी उतरवावीत. हातानं उतरवलेल्या फाइलबद्दल मी एक काळजी नेहमी घेते. साइटवर फाइलसोबत तिचा चेकसम, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला ओळखक्रमांक, दिलेला असतो. विंडोजमध्ये सर्टयूटिल नावाचं साधन मुळातच असतं, त्याला फाइलचा चेकसम काढायला सांगायचा आणि दोन्ही ताडून बघायचे. मध्येच तुटणाऱ्या नेटवर अर्धवट उतरलेली फाइल गावात आणून मग कळण्यापेक्षा दुकानात बसूनच कळलेलं बरं.

गिंपमध्ये एक खूण लक्षात ठेवायला हवी. पुस्तिका बसवल्यावर प्राधान्यांच्या खिडकीत मदतीच्या विभागात जायचं. तिथे पुस्तिकेची स्थानिक प्रत वापरायची की ऑनलाइन, असा पर्याय असतो. तो स्थानिकवर आहे ना, हे बघून घ्यायचं. पुस्तिका यंत्रावर आहे आणि प्रोग्राम तरीही नेटकडे धावतोय, असं नको.

जुन्या विंडोज प्रोग्रामांच्या मदतीबद्दलही सांगायला हवं, कारण अशी यंत्रं गावोगावी आहेत. एचएलपी या जुन्या प्रकारच्या मदतफाइली आता उघडत नाहीत, त्यांचा वाचक विंडोज व्हिस्टापासून विंडोजसोबत येणं बंद झालं. सीएचएम या त्यानंतरच्या प्रकारच्या मदतफाइली मात्र अजून उघडतात. मायक्रोसॉफ्टनं तो प्रकार १९९७ मध्ये आणला, आणि सेव्हन-झिप या झिप फाइली उघडणाऱ्या प्रोग्रामची मदत आजही त्यातच येते. सीएचएम नेटवरून थेट त्या यंत्रावर उतरवली तर कधी कधी डावीकडे अनुक्रमणिका दिसते आणि उजवीकडे पान रिकामं. फाइल खराब नसते. नेटवरून आलेली फाइल म्हणून विंडोजनं तिच्यावर शिक्का मारलेला असतो. फाइलवर उजवी क्लिक, गुणधर्म, आणि तिथे ‘अनब्लॉक’वर खूण. एवढ्यानं पान दिसू लागतं.

पायथनची मदत हा माझ्या आवडीचा भाग, कारण तिच्यात शिकण्यासारखं फार आहे. मूळ दस्तऐवज संकेतस्थळावरून झिपमध्येही मिळतात. एचटीएमएल, पीडीएफ, ई-पब, साधा मजकूर, हवं ते. एचटीएमएल घ्यावं, कारण त्यातली शोधाची चौकट नेटशिवायही चालते. शोधाची सूची त्याच फोल्डरात जावास्क्रिप्टच्या फाइलमध्ये असते. डेबियनवर पॅकेजमुळे हे सगळं आधीच आलं होतं.

पण पायथनच्या पोटातच मदत आहे, ती मुलांना आधी दाखवावी असं मला वाटतं. हेल्प लिहून कंसात एखाद्या फंक्शनचं नाव द्यायचं. मी मुलांना स्ट्रिंगचं स्प्लिट दाखवलं. पडदा भरून मजकूर आला, खाली अपूर्णविरामाचं चिन्ह (:) लुकलुकत राहिलं, आणि दोन मुलं तिथेच अडकली. एंटर दाबलं की मजकूर एक ओळ सरकतो, आज्ञा लिहायची जागा काही परत येत नाही. बाहेर पडायला फक्त क्यू दाबायचा असतो. हे कळलं नाही तर मूल पूर्ण खिडकी बंद करतं आणि हेल्पला हात लावायला घाबरतं. म्हणून प्रत्येक टेबलावर मी एक चिठ्ठी चिकटवली आहे: खाली जायला स्पेस, शोधायला तिरकी रेघ, बाहेर यायला क्यू. हीच अक्षरं मॅन पानांनाही, म्हणजे लिनक्सच्या आज्ञांच्या मदतपानांनाही, लागू पडतात, त्यामुळे एकदा शिकलेलं दोन्हीकडे उपयोगी येतं. मॅन पानांची परंपरा तर ३ नोव्हेंबर १९७१ च्या युनिक्सच्या पहिल्या पुस्तिकेपासूनची. नेट घरोघरी येण्याच्या कितीतरी आधी लोक यंत्रावरच मदत ठेवत होते आणि वाचत होते, हे मी मुलांना आवर्जून सांगते.

पायथनसोबत येणारं पायडॉक हे मदत दाखवणारं साधनही दाखवलं. पायथनला पायडॉक मॉड्यूल चालवायला सांगून पुढे बी हा पर्याय दिला की ब्राउझरमध्ये त्या यंत्रावर बसवलेल्या सगळ्या मॉड्यूलांची, म्हणजे पायथनच्या तयार भागांची, यादी येते. त्यात आपण स्वतः लिहिलेली फाइलही दिसते! एका मुलानं आपल्या फंक्शनखाली तीन अवतरणांत मराठीत वर्णन लिहिलं होतं. ते त्या पानावर जसंच्या तसं उमटलं. आपण लिहिलेली मदत मोठ्या मॉड्यूलांच्या रांगेत बसलेली बघून त्याला जो आनंद झाला, त्यानंतर खोलीतली बाकीची मुलंही फंक्शनखाली वर्णन लिहायला लागली.

एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट शिकणाऱ्यांसाठी झील हा नेटशिवाय पुस्तिका वाचायचा प्रोग्राम बसवला. मॅकवर डॅश नावाचा प्रोग्राम आहे, त्याच्यासाठी बनवलेले डॉकसेट झीलमध्ये चालतात, आणि झील लिनक्स व विंडोज दोन्हींवर आहे. डॉकसेट म्हणजे एक फोल्डर: आत पानं, आणि कुठलं नाव कुठल्या पानावर याची एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमधली सूची. शोधताना आधी भाषेचं नाव, मग अपूर्णविराम, मग शब्द लिहिला की फक्त त्याच पुस्तिकेत शोध होतो. सीएसएसमधलं फ्लेक्स शोधताना बाकीचा पसारा नको असतो, तेव्हा हे फार सोयीचं. डॉकसेट मी दुकानातल्या लॅपटॉपवर झीलमधूनच उतरवले आणि फोल्डर उचलून आणले. आणताना मात्र फोल्डर उघडाच पेनड्राइव्हवर टाकू नये. त्यात हजारो बारीक फाइली असतात आणि पेनड्राइव्ह त्यांना लिहिताना रडतो. टार या साधनानं एकच गठ्ठा बांधावा, तो न्यावा, आणि यंत्रावर सोडावा. पायथनच्या पानांनाही हेच लागू.

प्रत्येक यंत्रावर सगळं बसवल्यावरही एक गरज उरली होती. मुलांकडे मोबाइल असतात, काहींकडे स्वतःचे लॅपटॉप. त्यांनाही हीच पानं मिळावीत म्हणून एका ६४ बिटच्या यंत्रावर सगळ्या पुस्तिका एका फोल्डरात आणल्या. पॅकेजमधून आलेल्यांचे नुसते दुवे, झिपमधून आलेल्या प्रत्यक्ष. त्या फोल्डरात पायथनचा एचटीटीपी सर्व्हर, म्हणजे ती पानं इतर यंत्रांच्या ब्राउझरला पुरवणारा प्रोग्राम, सुरू केला. तो मुळातच पायथनसोबत येतो, काहीही वेगळं बसवावं लागत नाही, आणि ८००० क्रमांकाच्या पोर्टवर उभा राहतो. साधा वायफाय राउटर त्या यंत्राला जोडला. राउटरला नेट नसलं तरी खोलीपुरतं जाळं तयार होतं. आता खोलीतला कुठलाही मोबाइल त्या यंत्राचा पत्ता टाकला की मदतीचं पान उघडतो. हा सर्व्हर खऱ्या कामासाठी वापरू नका, त्यात सुरक्षेच्या तपासण्या अगदी प्राथमिक आहेत, असा इशारा त्याच्याच पानावर ठळक दिलेला आहे. तो मी मुलांना वाचायला लावला. आम्ही हा सर्व्हर नेटला जोडत नाही, खोलीबाहेर नेत नाही आणि त्या फोल्डरात पुस्तिकांशिवाय काही ठेवत नाही. पुस्तिका अशा वाटायची मुभा आहे का, हेही तपासलं होतं. लिबरऑफिसची मदत मोझिला पब्लिक लायसन्स २.० खाली आहे, पायथनचे दस्तऐवज पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या परवान्याखाली. दोन्ही परवाने प्रती करून वाटायला मोकळीक देतात. जिथे ती मोकळीक नसेल ती पुस्तिका सामायिक फोल्डरात टाकू नये, असं माझं मत आहे.

आता मराठीचं. लिबरऑफिसचे मेनू मराठीत मिळतात, ते आम्ही बसवले आहेत. मदतपानं मराठीत नाहीत. हिंदी बसवली, तिचा काहींना उपयोग होतो. पण बचतगटाच्या काकूंसमोर इंग्रजी अनुक्रमणिका उघडली तर त्यांनी सुरुवात कुठून करायची? पानं भाषांतरित करायची माझी एकटीची ताकद नाही. दारावरची पाटी मात्र मराठी करता येते. मी एक साधं पान लिहिलं. त्यावर प्रोग्रामांची नावं नाहीत, प्रश्न आहेत, आणि तेही लोक विचारतात त्या शब्दांत. “पहिल्या पानावर नंबर नको.” “एका रकान्यातली नावं दुसऱ्या यादीत शोधायची.” “वरची ओळ हलू नये.” “फोटोची मागची बाजू काढायची.” प्रत्येक प्रश्नाखाली दोन ओळी मराठीत आणि त्या प्रोग्रामच्या नेमक्या मदतपानाचा दुवा. लिबरऑफिसच्या मदतफाइलींची नावं बहुतेक आकड्यांत असल्यामुळे फोल्डरात शोधून पान सापडत नाही. एफ-वन दाबून हवं ते पान उघडायचं आणि ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीतून पत्ता उचलायचा, ही सोपी वाट.

पान लिहिताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागल्या. वरच्या भागात मेटा चारसेट यूटीएफ-८, म्हणजे अक्षरं कुठल्या पद्धतीनं साठवली आहेत ते, लिहायलाच हवं, नाहीतर देवनागरीच्या जागी एखाद्या ब्राउझरात चिन्हांचा कचरा दिसू शकतो. आणि फोल्डर, फाइल यांची नावं इंग्रजीतच ठेवली. देवनागरी नाव चालतं, पण पत्त्यात त्याची टक्केचिन्हांची लांबलचक माळ होते, आणि ती कुणाला फळ्यावर लिहून देता येत नाही.

या पानाचा खरा उपयोग मला श्रावणात दिसला. बचतगटाच्या एका काकू वैतागून म्हणाल्या, “ताई, हा हिशेब खोटं सांगतो. सुनंदाच्या नावापुढे दुसरीचेच पैसे येतात.” त्यांनी व्हीलुकअप लिहिलं होतं, कुणीतरी शिकवलं तसं, तीनच गोष्टी देऊन: काय शोधायचं, कुठे शोधायचं, कितव्या रकान्यातलं उत्तर हवं. मी काही न सांगता मराठी पान उघडून दिलं. त्यांनी “नावं दुसऱ्या यादीत शोधायची” यावर टिचकी मारली. खाली मी मराठीत लिहिलेल्या दोन ओळी त्यांनी मोठ्यानं वाचल्या: ‘शेवटची चौथी जागा रिकामी ठेवली तर कॅल्क समजतं की यादी क्रमानं लावलेली आहे. यादी क्रमानं नसेल तर चौथ्या जागी शून्य लिहा.’ मग दुव्यावरून इंग्रजी पानावर गेल्या, तिथे सूत्राची रचना दिसली, त्यात चौथा शब्द होता, आणि त्यांनी बोट ठेवून चारही शब्द मोजले. त्यांची यादी सभासद झाल्याच्या क्रमानं होती, नावाच्या क्रमानं नव्हती. चौथ्या जागी शून्य लिहिलं, सूत्र खालपर्यंत ओढलं, आणि बेरीज पासबुकाशी जुळली. त्या दिवशी बाहेर नुसता पाऊस कोसळत होता आणि कुणाच्याच मोबाइलला रेंज नव्हती. काकूंना त्याची दखलही घ्यावी लागली नाही.

तेव्हापासून माझा नियम असा, की खोलीत कुणी काही विचारलं तर मी आधी पान उघडून देते आणि शेजारी बसते. उत्तर पानावर नसेल तर मी सांगते, आणि संध्याकाळी तो प्रश्न पानावर चढवते. त्यामुळे पान वाढतंय. हल्ली कोपाची दोन मुलं स्वतः प्रश्न लिहून देतात, दुवाही शोधून देतात. मी फक्त दुवा उघडतो का आणि मराठी ओळ इंग्रजी पानाशी जुळते का, ते बघते.

याच्याही पुढे किविक्स आहे. २००७ पासून चालू असलेला हा प्रकल्प अख्खा विकिपीडिया झिम नावाच्या एका फाइलमध्ये देतो, आणि मराठी विकिपीडियाही त्यात मिळतो. स्टॅक ओव्हरफ्लोही मिळतं, पण ते कित्येक जीबी मोठं आहे आणि आमच्या डिस्कवर तेवढी जागा नाही. मराठी विकिपीडिया ठेवलाय, मुलांना शाळेच्या प्रकल्पांना लागतो. मोठी झिम फाइल आणणाऱ्यांनी पेनड्राइव्ह कुठल्या पद्धतीनं फॉरमॅट केलाय ते आधी बघावं. फॅट-३२ वर चार जीबी किंवा त्याहून मोठी एक फाइल मावतच नाही, पेनड्राइव्ह चौसष्ट जीबीचा असला तरीही. तो एक्सफॅट करून घ्यावा.

पुढचं काम डोळ्यांसमोर आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियन १३ आलं, त्यात लिबरऑफिस २५.२ आणि पायथन ३.१३ आहे. पाऊस संपला की तीन यंत्रं त्यावर न्यायची आहेत. म्हणजे एक्सलुकअप आमच्याकडेही येईल, बॅच्डही येईल, आणि दोन्हींची मदतपानंसुद्धा. मदतीची पॅकेजं प्रोग्रामसोबतच बदलतील, ती काळजी नाही. माझ्या मराठी पानावरचा प्रत्येक दुवा मात्र पुन्हा उघडून बघावा लागेल, आणि जिथे नवं सूत्र जास्त सोपं आहे तिथे ओळी बदलाव्या लागतील. व्हीलुकअपची ओळ मी काढणार नाही, कारण लोकांच्या जुन्या फाइलींत तेच आहे.

राहिलं ते ३२ बिटचं यंत्र. डेबियन १३ मध्ये त्या प्रोसेसरसाठी इन्स्टॉलर नाही, तेव्हा ते १२ वरच राहील, लिबरऑफिस ७.४ सह. त्याच्यासाठी मराठी पानाची वेगळी प्रत त्याच्याच डिस्कवर ठेवते आहे, जुन्या दुव्यांसकट, आणि पानाच्या माथ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय: ‘हे पान फक्त याच यंत्रासाठी. इथे एक्सलुकअप नाही, व्हीलुकअप वापरा.’